युरोपच्या बसटूरला निघालात? आधी पाण्याचं बोलू



गेल्या काही वर्षांत माझ्या ओपीडीत एक नवा प्रश्न यायला लागला आहे. "डॉक्टरसाहेब, पोरानं युरोपच्या टूरचे पैसे भरलेत. गोळ्या कोणत्या नेऊ?" विचारणारे बहुधा निवृत्त गुरुजी असतात, नाहीतर बँकेतून, एसटीतून रिटायर झालेले कुणी. मुलगा पुण्यात नोकरीला. घाटनांदूरच्या बाहेरचा सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे काशी किंवा तिरुपती. आता एकदम पॅरिस.

गोळ्यांची यादी मी लिहून देतो. पण खरं सांगू का, टूरवर माणूस आजारी पडतो तो गोळी विसरल्यामुळे कमी आणि टूरच्या वेळापत्रकामुळे जास्त. हे मला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नाही. माझ्याच घरात घडलं, तेव्हा कळलं.

२०२३ च्या जूनमध्ये मी आणि माझी पत्नी एका मराठी टूर कंपनीबरोबर युरोपला गेलो होतो. चाळीसेक माणसं, एक टूर मॅनेजर, एक पोलंडचा ड्रायव्हर आणि एक मोठी बस. तिकडे तिला कोच म्हणतात. पॅरिस, मग जर्मनीतलं ब्लॅक फॉरेस्ट, स्वित्झर्लंड, इन्सब्रुक आणि शेवटी इटली, असा नेहमीचा मार्ग.

अशा टूरमध्ये पहिल्यांदा जाणाऱ्याला वाटतं, आपली बस म्हणजे आपल्या मर्जीची. चहाची तल्लफ आली की थांबवू. तसं नसतं. युरोपियन युनियनच्या कायद्यानुसार ड्रायव्हरला सलग साडेचार तास चालवल्यानंतर ४५ मिनिटांची विश्रांती घ्यावीच लागते. ती १५ आणि ३० मिनिटं अशी दोन तुकड्यांत घेता येते. दिवसाला ९ तासांपेक्षा जास्त गाडी चालवता येत नाही, आठवड्यात फक्त दोनदा १० तास. गाडीत टॅकोग्राफ नावाचं यंत्र असतं, ते प्रत्येक मिनिट नोंदवतं. पोलिसांनी तपासलं आणि चूक सापडली तर दंड. त्यामुळे थांबे ड्रायव्हरच्या घड्याळावर ठरतात, साधारण दोन-अडीच तासांनी एक. मध्येच हायवेच्या कडेला गाडी उभी करता येत नाही. आणि बसमध्ये टॉयलेट असलं तरी ते बऱ्याचदा कुलूप लावून ठेवलेलं असतं, "अगदीच अडलं तर" म्हणून.

आता याच्या शेजारी आपल्याकडची सवय ठेवून बघा. आपल्याकडच्या बायका एसटीनं पुण्याला निघाल्या की आदल्या रात्रीपासून पाणी कमी करतात. स्टँडवरची स्वच्छतागृहं कशी असतात हे मी सांगायला नको. आई तसंच करायची, आता मुलगीही तसंच करते. ती सवय पासपोर्टाबरोबर परदेशात जाते.

पॅरिसहून ब्लॅक फॉरेस्टकडे निघालो, तो सगळ्यात लांब प्रवासाचा दिवस होता. हिनं सकाळी नाश्त्याला चहा आणि ज्यूस घेतला होता. दीड तासानं हिनं टूर मॅनेजरला हळूच विचारलं, थांबता येईल का? त्यानं ड्रायव्हरशी बोलून पुढच्या पेट्रोल पंपावर पाच मिनिटं गाडी घेतली. चढताना मागच्या सीटवरून कुणीतरी पुटपुटलं, "असं दर तासाला थांबलं तर पोचणार कधी?" बोलणारा माणूस वाईट नव्हता, नंतर आमची चांगली ओळख झाली. पण ते वाक्य हिच्या मनात बसलं. मी तेव्हा पुढे बसून एका गृहस्थांचा ईसीजी मोबाईलवर बघत होतो. डॉक्टर टूरवर गेला की त्याची ओपीडी बरोबरच जाते.

तिसऱ्या रात्री लुसर्नजवळच्या हॉटेलात हिला थंडी वाजून ताप आला. अंगावर दोन रजया घेऊनही दात वाजत होते. कमरेच्या उजव्या बाजूला, पाठीत दुखत होतं. मी विचारलं, लघवीला जळजळ? म्हणाली, "दोन दिवसांपासून आहे."

दोन दिवस! मी रोज शंभर पेशंटना हा प्रश्न विचारतो. घरच्या माणसाला विचारला नव्हता.

थोडं शास्त्र सांगतो. स्त्रियांचा मूत्रमार्ग खूप आखूड असतो, जेमतेम चार सेंटीमीटर. त्यामुळे जंतू मूत्राशयापर्यंत सहज पोचतात. ते रोजच पोचत असतात, पण आपण लघवी करतो तेव्हा धुऊन बाहेर जातात. पाणी कमी प्यायलं, लघवी तासन्‌तास धरून ठेवली, की धुण्याचं काम थांबतं आणि जंतू वाढतात. पाळी गेल्यानंतर तिथली त्वचा नाजूक होते, त्यामुळे पन्नाशीनंतर धोका अजून वाढतो. आधी नुसती जळजळ असते. हुडहुडी भरून ताप आला आणि कुशीत दुखायला लागलं की जंतू मूत्रपिंडापर्यंत गेले असं समजायचं. मग वाट बघायची नाही.

हिच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. हिला मधुमेह आहे आणि गोळ्यांमध्ये डापाग्लिफ्लोझिन आहे. ही गोळी रक्तातली जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर टाकते. गोळी चांगली आहे, हृदयाला आणि मूत्रपिंडांना फायद्याची आहे, मी अनेकांना देतो. पण तिच्यामुळे लघवी वाढते. म्हणजे पाणी जास्त लागतं. ही गोळी चालू, वर पाणी बंद! आणि ती गोळी लिहून दिली होती मीच.

माझ्याकडे औषधांची पिशवी होती. पॅरासिटामॉल, उलटीची गोळी, जुलाबाची, ओआरएसची पाकिटं. या इन्फेक्शनला लागणारं अँटिबायोटिक नव्हतं. हिरवा क्रॉस लावलेली फार्मसी सकाळी उघडली, पण तिथे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक देत नाहीत, आणि माझी चिठ्ठी तिथे चालत नाही. तीस वर्षांची प्रॅक्टिस, एम.डी.ची पदवी, आणि काउंटरवरच्या मुलीनं हसून मान हलवली. तिचं बरोबरच होतं म्हणा.

त्या दिवशी ग्रुप युंगफ्राऊयोखला गेला आणि आम्ही क्लिनिकमध्ये. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी लघवी तपासली, रक्त घेतलं. मग माझ्याकडे न बघता हिला विचारलं, "काल दिवसभरात किती पाणी प्यायलात?" ही थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "अर्धी बाटली." "आणि परवा?" "तेवढंच." मी शेजारी बसलो होतो. अर्धी बाटली म्हणजे अर्ध्या लिटरची अर्धी.

त्यांनी अँटिबायोटिक दिलं, आणि ताप जाऊन जेवण नीट सुरू होईपर्यंत डापाग्लिफ्लोझिन आणि मेटफॉर्मिन दोन्ही थांबवायला सांगितलं. हेही लक्षात ठेवा. ताप, उलट्या, जुलाब चालू असताना, अंगातलं पाणी कमी झालेलं असताना या गोळ्या तशाच रेटायच्या नसतात, डॉक्टरला फोन करून विचारायचं. इन्सुलिन मात्र स्वतःच्या मनानं बंद करायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला बस इन्सब्रुकला निघाली. आम्ही नव्हतो तिच्यात. थांबणार कशी? एका माणसासाठी चाळीस जणांचं हॉटेल, जेवण, पुढची बुकिंग सगळी हलतात, शिवाय ड्रायव्हरचे तास. टूर मॅनेजरनं मोठ्या बॅगा बसमधून नेल्या आणि आम्हाला दुपारच्या रेल्वेत बसवून दिलं. लुसर्नहून झुरिक आणि तिथून इन्सब्रुक. हिला ताप नव्हता, पण अंगात त्राण नव्हतं. खिडकीतून डोंगर बघत ही म्हणाली, "अहो, त्या माणसाचं ऐकायला नको होतं मी." मी काय बोलणार.

आता तुमच्याबद्दल बोलू.

पाणी दर तासाला थोडं थोडं प्या, एकदम बाटली रिकामी करू नका. थांबा येण्याआधी अर्धा तास हात आखडा, पण बंद करू नका. प्रत्येक थांब्यावर उतरा, लागलेली असो वा नसो. सुटे युरो खिशात ठेवा. जर्मनीतल्या हायवेवर बऱ्याच ठिकाणी १ युरो टाकल्याशिवाय फाटक उघडत नाही (तेवढ्याच किमतीचं कुपन मिळतं, दुकानात चालतं). आमच्या ग्रुपमधले कितीतरी लोक "लघवीला नव्वद रुपये?" म्हणून बसमध्येच बसून राहायचे. लाखो रुपये भरून गेलेली माणसं! आणि हॉटेलातल्या नळाचं पाणी तिथे पिण्याचंच असतं. स्वित्झर्लंडमध्ये चौकातल्या कारंज्यांचंही बहुतेक ठिकाणी चालतं, नसेल तर तशी पाटी असते. विकतची बाटली महाग म्हणून तहान मारू नका.

बीपीसाठी पाण्याची गोळी म्हणजे लघवी वाढवणारी गोळी चालू असणाऱ्या पुरुषांनीही हे वाचावं. प्रवासाच्या दिवशी "आज राहू दे" म्हणून अनेकजण ती टाळतात. चार दिवस टाळली की पायावर सूज, हृदय अशक्त असेल तर दम. त्यात तिकडचं चीज, ब्रेड आणि आपण नेलेली लोणची, चिवडा, म्हणजे मीठच मीठ. गोळीची वेळ बदलता येते का, हे निघण्याआधी विचारा. बऱ्याचदा येते. प्रोस्टेटचा त्रास लपवून जाऊ नका.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते हातातल्या पिशवीतच ठेवायचं. विमानाच्या पोटात ते गोठू शकतं, उन्हात उभ्या असलेल्या बसमध्ये तापतं. वापरात असलेलं पेन ३० अंशांच्या आत साधारण चार आठवडे चालतं. आपल्याकडे आणि तिकडे उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक असतो. दोन वेळचं मिक्स इन्सुलिन असेल तर एकच नियम, समोर ताट आल्याशिवाय सुई टोचायची नाही. टूरवर "दहा मिनिटांत रेस्टॉरंट" याचा अर्थ पाऊण तासही होऊ शकतो. जूनमध्ये रात्री साडेनऊलाही उजेड असतो, त्यामुळे "रात्रीची गोळी" अंधार पडायची वाट बघत राहून जाते. घड्याळ बघून घ्या.

चालणं किती? तुम्हाला वाटतं त्याच्या दुप्पट. फ्लॉरेन्ससारख्या जुन्या शहरात मोठ्या बसला आत प्रवेश नसतो, व्हेनिसला तर बस सोडून बोटीनं जावं लागतं. दगडी रस्ते, चढउतार, आणि पुढे टूर मॅनेजरचा झेंडा पळत असतो. निघण्याच्या दोन महिने आधीपासून रोज चालायला लागा. आपलं रेल्वे स्टेशन गाठून परत या, वेळ वाढवत न्या. त्याच बुटांत. नवे बूट विमानतळावर घालणाऱ्या मधुमेहींच्या पायांना फोड येतात, आणि पायांना संवेदना कमी असेल तर कळतही नाही. रोज रात्री तळवे बघा.

युंगफ्राऊयोख ३,४५४ मीटर उंचीवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६. तिथे प्रत्येक श्वासात समुद्रसपाटीच्या मानानं सुमारे दोन तृतीयांशच ऑक्सिजन मिळतो, आणि आपण एका सकाळीत वर पोचतो. हळू चाला, जिन्यावर घाई नको. अलीकडे हार्ट अटॅक आलेला असेल, छातीत दुखत असेल किंवा दम्याचा जोर असेल तर आधी मला भेटा. हाच सल्ला नेपाळच्या यात्रेलाही. आपल्याकडून युरोपपेक्षा तिकडे जास्त लोक जातात, आणि मुक्तिनाथही ३,७०० मीटरच्या वर आहे. पोखऱ्याहून घाईनं चढून गेलात आणि डोकं दुखलं, मळमळलं, तोल जायला लागला, तर दर्शन राहिलं तरी चालेल, खाली उतरायचं.

विम्याबद्दल थोडंसं. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो, तो कंपनी काढून देते. पण फॉर्मवर बीपी, शुगर लपवू नका. लपवलेल्या आजारामुळे खर्च झाला तर दावा नाकारला जातो. आधी विम्याच्या हेल्पलाइनला फोन, मग क्लिनिक, आणि प्रत्येक पावती जपून. आम्ही बिल कार्डावर भरलं, पैसे परत मिळाले, वेळ लागला. जिवावरचं असेल तर मात्र आधी ११२.

निघण्याच्या महिनाभर आधी दोघंही या. एकटे नाही, जोडीनं. गोळ्यांची पाकिटं घेऊन या, मी लेटरहेडवर इंग्रजीत औषधांची मूळ नावं, डोस आणि आजार लिहून देईन. दुबईची टूर असेल तर तसं सांगा, आपल्याकडची काही खोकल्याची आणि दुखण्याची औषधं तिथे नेता येत नाहीत. ज्यांना लघवीचं इन्फेक्शन वारंवार होतं, त्यांना अँटिबायोटिक बरोबर द्यायचं का, तेही ठरवू. आणि बाईंना मी एक प्रश्न विचारणार आहे, नवऱ्यासमोरच: प्रवासात दिवसाला किती पाणी पिता?