हळदीची पेठ आणि हिशेबाची चावडी

कृष्णाकांठच्या यात्रेस निघालेलीं कुटुंबें बहुधा नृसिंहवाडी व औदुंबर करून सांगलीच्या गणपतीचें दर्शन घेतात आणि परत फिरतात. ह्या यात्रेंत आणखी दोन ठिकाणांची भर घालावी, अशी वाचकांस आमची विनंती आहे. एक सांगलीची हळदीची पेठ आणि दुसरें सातारा जिल्ह्यांतील औंध. अमेरिकेंतील कर, न्यायालयें आणि राष्ट्राध्यक्ष यांच्या ज्या बातम्या हल्लीं घरोघर वाचल्या जातात, त्यांचें मर्म ह्या वाटेनें हिंडतांना जितकें ध्यानांत येतें, तितकें नुसतीं वर्तमानपत्रें चाळून येत नाहीं.

सांगलीच्या बाजार-आवारांत हळदीच्या हंगामांत जावें. राशींमागून राशी, अडत्ये आणि खरीददार यांची गर्दी, पिंवळ्या धुळीनें माखलेले हमाल, असा सगळा थाट असतो. जवळच्या हरिपुरास, जेथें वारणा कृष्णेस मिळते, पूर्वीं ही हळद जमिनींतील पेवांत सांठवीत. तेथील मातीच्या गुणामुळें ती वर्षानुवर्षें किडीवांचून टिके. २००५ सालच्या महापुरानें त्यांतील पुष्कळ पेवें निकामी केलीं. तथापि पेठेचा लौकिक उणा झाला नाहीं. २०१८ सालीं सांगलीच्या हळदीस भौगोलिक मानांकनहि मिळालें.

आतां ह्या हळदीचा अमेरिकेशीं संबंध काय, असें कोणी विचारील. पहिला संबंध वादाचा आहे. १९९५ सालीं अमेरिकेच्या पेटंट कार्यालयानें, जखम भरून येण्यासाठीं हळद वापरण्याचें पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास दिलें. बोट कापलें कीं आजी चिमूटभर हळद दाबून बसविते, तीच ही विद्या! डॉ. रघुनाथ माशेलकर ज्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख होते, तिनें १९९६ सालीं हरकत घेतली आणि जुने ग्रंथ व छापील लेख पुराव्यादाखल पुढें ठेवले. १९९७ सालीं त्याच कार्यालयानें तें पेटंट रद्द केलें. परक्यांनीं दिलेला पुरावा पाहून एका बलाढ्य राष्ट्राच्या कचेरीनें आपलाच निर्णय फिरविला, ही गोष्ट त्या राष्ट्राच्या जमेच्या बाजूस प्रामाणिकपणें मांडली पाहिजे.

दुसरा संबंध कराचा. ऑगस्ट २०२५ मध्यें अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनीं भारतांतून जाणाऱ्या बहुतेक मालावर आधीं शेंकडा २५ कर बसविला. आणि आपण रशियाचें तेल घेतों ह्या सबबीवर त्याच महिन्याच्या २७ तारखेपासून आणखी २५ चढविला. नोव्हेंबरांत, तेथें घरखर्च वाढल्याची ओरड चालू असतां, चहा, कॉफी व मसाल्याचे कांहीं जिन्नस ह्यांना अंशतः सूट मिळाली. तिकडच्या स्वयंपाकघरांतील कुरकुर राजधानीपर्यंत पोंचली. इकडच्या शेताच्या बांधावरील कुरकुर पोंचण्यास वाटच नव्हती. तिकडच्या गृहिणीस मत आहे आणि इकडच्या शेतकऱ्यास तें नाहीं, एवढेंच त्याचें कारण.

वास्तविक १७८७ च्या अमेरिकन राज्यघटनेनें कर बसविण्याचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे लोकप्रतिनिधींच्या सभेस दिला आहे. राष्ट्राध्यक्षांनीं आधार घेतला तो आणीबाणीसाठीं १९७७ सालीं केलेल्या एका कायद्याचा. तेथील व्यापारी न्यायालयांत गेले. मे व ऑगस्ट २०२५ मध्यें खालच्या दोन न्यायालयांनीं आणि फेब्रुवारी २०२६ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें, त्या कायद्यानें असा कर बसवितां येत नाहीं, असा निर्णय दिला. न्याय झाला खरा. परंतु मधल्या महिन्यांत ज्या परदेशी उत्पादकाचें गिऱ्हाईक तुटलें, त्याची भरपाई कोणत्या खात्यांतून व्हावी?

एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांस हा प्रश्न नवीन नाहीं. तिजोरीची किल्ली कर्त्या पुरुषाच्या हातीं असते. तो शहाणा असला तर वर्षाकाठीं कीर्द-खतावणी भावांपुढें ठेवतो. नसला तर “मी सारें घरासाठींच करतों” एवढेंच सांगतो. पुष्कळ घरें गरिबीनें मोडत नाहींत, तीं ह्या दुसऱ्या उत्तरानें मोडतात. ज्याच्या हातीं किल्ली होती त्यानेंच ती आपण होऊन लोकांपुढें ठेवल्याचें उदाहरण पाहावयाचें असेल, तर सांगलीहून उत्तरेस निघावें.

वाटेंत किर्लोस्करवाडी लागते. १९१० सालीं औंधच्या अधिपतींनीं दिलेल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं तेथें आपला कारखाना उभारला. शेजारचें कुंडल, पलीकडचें आटपाडी, विजापुराकडील गुणदाळ आणि खुद्द औंध अशा विखुरलेल्या तुकड्यांचें मिळून हें बहात्तर गांवांचें संस्थान होतें. आज कुंडल व आटपाडी सांगली जिल्ह्यांत आहेत आणि औंध साताऱ्यांत. औंधास यमाईचा डोंगर चढतांना श्रीभवानी वस्तुसंग्रहालय लागतें. तें उभारणारे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे सूर्यनमस्काराचे पुरस्कर्ते आणि स्वतः चित्रकार म्हणून आपल्या वडील मंडळींस ठाऊक असतील. त्यांचें सर्वांत मोठें काम मात्र कोणत्याहि दालनांत मांडलेलें नाहीं.

नोव्हेंबर १९३८ मध्यें आपल्या वाढदिवशीं त्यांनीं राज्यसत्ता प्रजेच्या हातीं देण्याचा मनोदय जाहीर केला. त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रिडमन नांवाचे पोलंडचे एक इंजिनियर ह्यांनीं गांधीजींच्या सल्ल्यानें घटना तयार केली, व ती १९३९ च्या आरंभीं अमलांत आली. गांवानें पांच पंच निवडावे, गांवांच्या प्रतिनिधींतून तालुक्याची सभा व्हावी आणि तालुक्यांच्या प्रतिनिधींतून संस्थानचें विधिमंडळ, अशी तिची रचना होती. वसुलाचा निम्मा भाग गांवांकडेच खर्चासाठीं राहावा आणि राजाच्या खासगी खर्चास मर्यादा असावी, असेंहि ठरलें. ज्या चावडीवर सारा भरावयाचा, तिच्यावरच त्याच्या खर्चाविषयीं विचारावयाचें! त्याच वर्षीं आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथें कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. भिंतीवांचून माणूस जबाबदारीनें वागूं शकतो, हा विश्वास तिच्याहि मुळाशीं होता. व्ही. शांताराम ह्यांच्या ‘दो आंखें बारह हाथ’ ह्या १९५७ च्या चित्रपटाची प्रेरणा हीच वसाहत.

ह्या प्रयोगाची फाजील स्तुति करण्याचें कारण नाहीं. संस्थान चिमुकलें, त्याच्यावर इंग्रजांची अधिसत्ता, आणि मार्च १९४८ मध्यें तें मुंबई प्रांतांत विलीन झाल्यानें नऊ वर्षांतच प्रयोग संपला. शिवाय तो राजाच्या सद्बुद्धीनें सुरू झाला होता, आणि सद्बुद्धि वारसाहक्कानें मिळतेच असें नाहीं. येथें मात्र अमेरिकेकडून शिकण्यासारखें आहे: तेथें राज्यकर्त्याची मर्जी फिरली तरी न्यायालयाचें दार उघडें राहिलें. औंधापासून शिकावयाचें तें निराळें आहे. हिशेब मागावयाचें ठिकाण हिशेब देणाऱ्याच्या जितकें जवळ, तितका न्याय लवकर. न्यायालयाचा निकाल येईपर्यंत हंगाम उलटून जातो. चावडीवरचा प्रश्न त्याच आठवड्यांत विचारतां येतो.

आणि ती चावडी आज आपल्याहि हातीं आहे. १ मे १९६२ पासून महाराष्ट्रांत जिल्हा परिषदा आल्या. त्या वेळचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण ह्याच मुलुखांतील, देवराष्ट्र्याचे. १९९३ सालीं अमलांत आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीनें ग्रामसभेस घटनेंतच स्थान दिलें. परंतु परदेशच्या राष्ट्राध्यक्षाच्या कारभारावर तावातावानें बोलणारी आपलीं किती घरें स्वतःच्या गांवच्या ग्रामसभेस जातात?

म्हणून औंधास गेलेल्यांनीं चित्रें पाहावींत, यमाईपुढें ओटी ठेवावी, आणि परतल्यावर घरांतील एकानें तरी पुढच्या ग्रामसभेस जाऊन गेल्या वर्षाचा जमाखर्च वाचून दाखविण्याची विनंती करावी. मोठ्या आवाजाची जरूर नाहीं. वॉशिंग्टनची वही उघडावयास लावणें आपल्या हातचें नाहीं; ही आहे.