गिरडच्या टेकडीवरची गोधडी

माझ्या सासूबाईंचं माहेर गिरडजवळच्या एका खेड्यातलं. लहानपणी बाबा फरीदच्या टेकडीवर गेलं की वरून आपलं वावर आणि बांधावरची चिंच शोधायचा त्यांना भारी नाद. आता त्यांच्या गुडघ्यांनी कायमचा असहकार पुकारलाय. गेल्या दिवाळीत माझ्या नणंदेचा मुलगा नवा कॅमेरा घेऊन वर्ध्याला आला, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "एकदा टेकडीवरून माह्यं माहेर पाह्यलं असतं वं!"

"आजी, मी टेकडीच घरी आणतो," भाचेबुवांनी शब्द देऊन टाकला.

मला वाटलं, एक फोटो काढायचा, झालं! पण त्याचा बेत वेगळाच होता. दुरून काढलेल्या एकाच फोटोत सगळा मुलूख मावतो, पण मोठा करून पाहावा तर चिंच म्हणजे नुसता हिरवा डाग. म्हणून दूरचं जवळ दाखवणारी लांब भिंग लावायची, मुलुखाचे लहान लहान तुकडे टिपायचे आणि ते संगणकावर एकमेकांना शिवायचे. "अगदी तुझ्या गोधडीसारखं, मामी!"

मी बी. ए. झालेली, शाळेत तासिका तत्त्वावर भूगोल शिकवणारी. त्यामुळे मदतनीस म्हणून माझी निवड बिनविरोध झाली.

डिसेंबरातल्या एका रविवारी पहाटे तिखटमिठाच्या पुऱ्या बांधून घेतल्या आणि निघालो. वाटेत हिंगणघाट लागलं. या गावाशी भूगोलाचं एक जुनं नातं आहे, बरं का! विल्यम लॅम्ब्टन या इंग्रज अधिकाऱ्याने १८०२ साली मद्रासेजवळ हिंदुस्थानची मोजणी सुरू केली. टेकड्यांवर, देवळांच्या गोपुरांवर थिओडोलाइट नावाचं सुमारे अर्ध्या टनाचं यंत्र चढवायचं, ते जागच्या जागी फिरवून दूरच्या खुणांचे कोन मोजायचे आणि त्रिकोणाला त्रिकोण जोडत पुढे सरकायचं. हैदराबादहून नागपूरला जाताना जानेवारी १८२३ मध्ये लॅम्ब्टन हिंगणघाटला वारले. त्यांची कबर तिथेच आहे. त्यांचं काम पुढे नेणाऱ्या एव्हरेस्टसाहेबांचं नाव जगातल्या सर्वांत उंच शिखराला मिळालं, आणि लॅम्ब्टनना आमच्या वर्गातली मुलंसुद्धा ओळखत नाहीत!

जाम, समुद्रपूर करत गिरडला पोचलो. टेकडीवर ख्वाजा शेख फरीदांचा दर्गा. हिंदू-मुसलमान सारेच नवस बोलायला येतात. इथे सुपारीसारखे, जायफळासारखे गोल दगड सापडतात. बाबांची थट्टा करणाऱ्या बंजाऱ्यांचा माल त्यांनी दगड करून टाकला, असं सांगतात. आम्ही दर्शन घेतलं, तिथल्या मंडळींना विचारलं आणि कडेला तिपाई मांडली. धुकं विरत होतं. खाली वेचणीचा कापूस, पिवळ्या फुलांची तूर आणि मधेच हरभऱ्याचे हिरवेगार तुकडे पसरले होते.

भाच्याने आधी तिपाईच्या पायांपाशी माझ्याच पर्समधल्या खडूने खुणा केल्या. मग कॅमेरा पुढे-मागे सरकवत बसला. म्हणाला, "एक बोट डोळ्यांसमोर धर आणि आळीपाळीने एकेक डोळा मीट. बोट हललेलं दिसतं ना? तसं इथे होता कामा नये." कॅमेरा भलत्याच ठिकाणाभोवती फिरला की जवळची फांदी दूरच्या शेतावरून सरकते आणि तुकडे जुळत नाहीत. कडेच्या कडुलिंबाची फांदी जागची हलेना, तेव्हाच त्याचं समाधान झालं.

उजेडाचं माप त्याने एकदाच ठरवलं आणि ते कॅमेऱ्याला बदलू दिलं नाही. नाहीतर एक तुकडा उजळ, दुसरा काळपट येतो. भिंगाचा नेमही एकदाच दूरवर धरून पक्का केला. ऊन तापलं की जमिनीवरची हवा थरथरते आणि दूरचं सारं पाण्यात पाहिल्यासारखं दिसतं, म्हणून घाई होती. भिंगात एका वेळी साडेचार अंश दिसत. कॅमेरा तीनच अंश फिरवायचा. म्हणजे प्रत्येक फोटोचा तिसरा हिस्सा शेजारच्या फोटोवर येतो. शिवणीत कापड दाबायला सोडतो ना, तसं! एका ओळीत ४० फोटो, अशा ३ ओळी, एकूण १२०. तिपाईच्या चकतीवरचे अंश मोठ्याने वाचायचं काम माझं.

"साठ... त्रेसष्ट..." मधली ओळ चालली होती. तेवढ्यात दर्शनाला आलेल्या एका म्हाताऱ्या बाईने माझ्या हातावर प्रसादाचे चिरंजी-फुटाणे ठेवले. मी नमस्कार केला, वळले आणि म्हणाले, "एकोणसत्तर." सहासष्ट राहिला. माझ्या ते लक्षातही आलं नाही.

रात्री घरी शिवण सुरू झाली. हगिन नावाचा एक प्रोग्रॅम फुकट मिळतो. दोन फोटोंत सारखीच असलेली विहीर, खांब, झाड तो शोधून काढतो आणि त्यावरून तुकडे बसवतो. जुन्या काळी ही कामं हातानेच व्हायची. १८५८ साली फेलिचे बेआतोने दिल्लीच्या जामा मशिदीवरून शहराचे असेच तुकडे काचेवर टिपून शेजारी शेजारी मांडले होते. २००३ साली मॅक्स लायन्सने अमेरिकेतल्या ब्राइस कॅन्यनचे १९६ फोटो जोडून अब्जाहून अधिक ठिपक्यांचं चित्र केलं, तेव्हा केवढा गाजावाजा झाला! आमचं चित्र दीड अब्ज ठिपक्यांचं. चांगलं बारीक छापायचं तर ३० फूट लांब. नऊवारी लुगडंसुद्धा पुरायचं नाही.

सकाळी पाहिलं तर मधोमध एक काळं भोक. आणि भोक नेमकं सासूबाईंच्या माहेरावर.

माझा चेहरा पाहून भाचा म्हणाला, "मामी, रडू नको. शेजारचं वावर उचलून तिथे भरतो, बांधावर एक चिंच ठेवतो. पाच मिनिटांचं काम. आजीला काय कळतंय?"

खरं सांगू? क्षणभर मला ते पटलं. स्वयंपाक व्हायचा होता, शाळेचे पेपर तपासायचे होते. पण मग लॅम्ब्टन आठवले. १८०८ साली तंजावरच्या देवळावर चढवताना दोर तुटून त्यांचं यंत्र आपटलं आणि त्याची चकती वाकली. त्यांनी सहा आठवडे खपून स्वतः ते दुरुस्त केलं, पण अंदाजाने आकडे भरले नाहीत. मी म्हटलं, "नाही रे. त्यांनी फोटो मागितलाय, चिंच नाही मागितली."

पुढच्या रविवारी आम्ही दोघं एस.टी.ने पुन्हा गिरडला. एका फोटोसाठी! हल्ली बायकांना अर्धं तिकीट लागतं, तेवढाच दिलासा. खडूच्या खुणा पुसट झाल्या होत्या, पण होत्या. सहासष्ट अंशांवर कॅमेरा आणला, खबरदारी म्हणून पाच फोटो घेतले आणि परतलो. त्या दिवशी हवा जरा धुरकट होती, म्हणून तो तुकडा थोडा निळसर आला. नीट पाहिलं तर ठिगळ कळतं.

आणि त्या ठिगळात चिंच नव्हती. बांध होता, विहीर होती, विहिरीपाशी वाकून काहीतरी उचलणारी एक बाई होती. चिंचेच्या जागी नुसता बुंधा.

"दाखवू नका," हे म्हणाले. पण तोवर सासूबाई चष्मा लावून संगणकासमोर येऊन बसल्या होत्या. भाच्याने हळूहळू चित्र मोठं करत नेलं. दर्ग्याची पायवाट, गाव, मारुतीचं देऊळ. त्या सगळं नावानिशी सांगत होत्या. मग बांधावर येऊन थांबल्या. कितीतरी वेळ काही बोलल्या नाहीत.

"मले वाटलंच होतं," त्या शेवटी म्हणाल्या. "दोन वर्सं झाली, भाऊ फोनवर चिंचेचं नावच काढत नाही." मग संगणकाच्या काचेवर बोट ठेवून म्हणाल्या, "विहीर हाय अजून. थे बाई कोन हाय पाह्य बरं, वहिनी तं नोहे?"

त्याच संध्याकाळी त्यांनी भावाला फोन लावला. चिंचेवरून खरडपट्टी काढली आणि शेवटी वहिनीला बोलवायला सांगितलं. अर्धा तास फोन चालला होता.

तुम्हाला करून पाहायचं असेल तर महागडा कॅमेरा हवाच असं नाही, मोबाईलवरही जमतं. सकाळची स्वच्छ हवा पाहा. हात लांब करून गरकन फिरू नका. मोबाईल जागच्या जागी ठेवून स्वतः त्याच्याभोवती फिरा. उजेडाचं माप पक्कं करा, फोटोचा तिसरा हिस्सा दाबायला सोडा आणि मोजत राहा. प्रसाद मिळाला तर जरूर घ्या. फक्त आधी आकडा कागदावर लिहून ठेवा!