दोष शोधणे आणि दोष देणे

व्यापारी घरात वाढलेल्या माणसाला तेरीज न जुळण्याची अस्वस्थता ठाऊक असते. दिवाळीपूर्वी वह्या मिटवताना जमा आणि नावे या दोन बाजूंत काही रुपयांचा फरक निघाला, तरी जुने मुनीम लगेच कोणावर संशय घेत नसत. आधी बेरजा पुन्हा करीत. मग खतावणीत एखादी नोंद चुकीच्या बाजूला चढली आहे का, ते पाहत. फरकाला नऊने निःशेष भाग गेला, तर आकड्यांची अदलाबदल झाली असावी, असे ओळखत. गल्ल्यावरच्या पोराने पैसे घेतले असतील हा विचार सर्वांत शेवटी येई, आणि बहुधा तिथवर जाण्याची वेळच येत नसे.

वहीच्या बाबतीत पिढ्यान्‌पिढ्या पाळलेली ही शिस्त वहीबाहेर मात्र सहज सुटते. सोलापुरातील एका कापड व्यापारी कुटुंबात असेच घडले. निमित्त झाले १९८९ सालच्या एका प्रीमियर पद्मिनीचे.

या गाडीविषयी सोलापूरच्या जुन्या घरांत जी आपुलकी आढळते, तिला कारण आहे. ती बनवणाऱ्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचे संस्थापक शेठ वालचंद हिराचंद याच शहरात १८८२ साली जन्मले. रेल्वेच्या कंत्राटांपासून सुरुवात करून जहाजे, साखर, विमाने असा प्रवास केलेल्या या जैन उद्योजकाने १९४४ साली ही कंपनी काढली, आणि स्वातंत्र्याच्या वर्षी कुर्ल्याच्या कारखान्यातून मोटारी बाहेर पडू लागल्या. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला. १९५३ साली शेठजींचे निधन झाले. पण कारखाना चालत राहिला. फियाट अकराशेचेच रूप असलेली मोटार १९७० च्या दशकात ‘पद्मिनी’ या नावाने विकली जाऊ लागली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून सारा देश तिला ओळखतो. त्या टॅक्सींपैकी शेवटची ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून निवृत्त झाली. सोलापुरात मात्र तिला पद्मिनी क्वचितच कोणी म्हणे. ती ‘फियाट’च राहिली.

या कुटुंबाच्या फियाटने दोन भावांचे संसार वाहिले होते. थोरले अण्णा आणि धाकटे बापू. चाटी गल्लीतील दुकान, होटगी रस्त्यावरचे घर, वर्षाकाठी कुंथलगिरीची यात्रा, माहेरवाशिणींना स्टेशनावरून आणणे, ही सारी कामे तिच्याकडे होती. दुकानाची वाटणी झाली, चुली वेगळ्या झाल्या, तरी गाडी दोघांच्या सामाईक अंगणातच उभी राहिली. सव्वीस वर्षे ती चालवणाऱ्या ड्रायव्हरला घरातली सगळी मुले ‘मामा’ म्हणत.

२०२२ च्या मे महिन्यात घरात लग्न होते. वरात त्याच गाडीतून काढायची असे ठरल्याने तिचे डेंटिंग-पेंटिंग करून घेतले गेले. रंगाचे काम उत्तम झाले. बॉनेटच्या आतली बाजूही रंगाऱ्याने सोडली नव्हती. गाडी नव्यासारखी चकाकू लागली, आणि त्यानंतर आठवडाभरातच ती सुरू व्हायला कुरकुर करू लागली. ऐन वरातीच्या संध्याकाळी तर तिने दगाच दिला. वराला भाड्याच्या गाडीत बसावे लागले.

प्रथम उन्हाळ्याला दोष दिला गेला. सोलापूरच्या मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. अशा उष्णतेत जुन्या गाडीच्या पंपात पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटतो, हे खरेच आहे. मामांनी पंपावर ओले फडके ठेवून पाहिले. पावसाळा आला तरी तक्रार राहिली. मग नवी बॅटरी आली. ती चार महिन्यांत बसली. दुसरी आणली, तिचीही तीच गत झाली. एका गॅरेजात सेल्फ बदलला गेला. दुसऱ्याने इंजिन उघडावे लागेल असे सांगून मोठ्या खर्चाचा आकडा दिला.

त्या आकड्याने बापूंचा तोल गेला. अंगणात दुकानची पोरे, शेजारी, सुना असताना ते म्हणाले, “नवी बॅटरी चार महिन्यांत जाते कशी? आत जुनी बसवून नवी विकली असेल, दुसरे काय!”

मामांनी उत्तर दिले नाही. किल्ली ओट्यावर ठेवली आणि ते निघून गेले. अण्णा त्या वेळी तिथेच होते. तेही काही बोलले नाहीत.

गाडी दोन वर्षे ताडपत्रीखाली उभी राहिली. पंधरा वर्षांपुढील खासगी मोटारीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते. ती मुदत २०२४ साली आली. बापूंनी भंगारवाल्याला बोलावले. दर ठरला. तेव्हा त्यांच्या नातीने आठ दिवसांची मुदत मागितली. ही मुलगी सोलापूरच्या वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत इलेक्ट्रॉनिक्स शिकत होती. ज्यांची गाडी, त्यांच्याच नावाचे महाविद्यालय.

“आजोबा, विकायची तर विका,” ती बापूंना म्हणाली, “पण बिघाड कोणता होता ते कळल्याशिवाय नको. दोन बॅटऱ्या आणि एक सेल्फ आपण कशासाठी विकत घेतला, तेच कोणाला सांगता येत नाही.”

ती गाडीकडे वळण्याआधी अण्णांकडे गेली. शेवटचा ज्याचा हात गाडीला लागला, त्याने काय पाहिले होते, हा तिचा पहिला प्रश्न होता. अण्णांनी बराच वेळ आठवले.

“मामा एकच गोष्ट दोनदा म्हणाले होते. सेल्फ मारला की चोकची तार तापते, हाताला चटका बसतो. आम्ही सगळे हसलो होतो, पोरी. तारेत काय असते तापायला?”

मुलीने ते वहीत लिहून घेतले.

दोन वर्षे उभ्या गाडीला एकदम सेल्फ मारणे धोक्याचे असते. आतले तेल ओघळून सिलिंडर कोरडे पडलेले असतात. म्हणून तिने प्रथम चारही प्लग काढून प्रत्येक छिद्रात थोडे तेल सोडले आणि इंजिन हाताने फिरवून पाहिले. ते फिरले. म्हणजे इंजिन जाम झालेले नाही, ही शंका एकही रुपया न खर्चता मिटली. नंतर दुकानाच्या टेम्पोची चांगली बॅटरी आणून जोडली. मल्टिमीटरवर साडेबारा व्होल्टच्या वर आकडा दिसला. बारा व्होल्टची बॅटरी पूर्ण भरलेली असली, की एवढाच दिसतो.

आता किल्ली. सुरू न होणारी मोटार किल्ली फिरवल्यावर जे करते, त्यातच अर्धे निदान असते. इंजिन भराभर फिरते पण पेट घेत नाही, तर प्रश्न ठिणगीचा किंवा पेट्रोलचा. इंजिन फिरतच नाही किंवा कण्हत फिरते, तर प्रश्न विजेचा. विजेच्या प्रश्नाचेही दोन भाग पडतात, आणि ते वेगळे करण्यासाठी पुढचे दिवे लावून सेल्फ मारून पाहतात. दिवे एकदम मंदावले, तर बॅटरी दुबळी आहे किंवा इंजिन जड झाले आहे. दिवे तसेच राहिले आणि सेल्फ मात्र कण्हला, तर बॅटरीत शक्ती असूनही ती सेल्फपर्यंत पोचत नाही.

दिवे लख्ख राहिले. सेल्फ कण्हला.

दिव्यांना काही अँपिअर वीज पुरते. सेल्फला शंभराहून अधिक लागते. वाटेत एखादा सांधा खराब असेल, तर थोड्या विजेला तो जाऊ देतो आणि मोठ्या मागणीला अडवतो. हा सांधा नजरेने दिसत नाही. मापून काढावा लागतो. मुलीने मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला लावली व अण्णांना किल्ली फिरवायला सांगितले. या दोन ठिकाणांत अर्ध्या व्होल्टचाही फरक पडायला नको. तो पाचांच्या पुढे गेला. मग तिने तेच माप टोकापासून गाडीच्या पत्र्यापर्यंत घेतले. तिथे फरक जवळजवळ शून्य. पत्रा ते इंजिन घेतले, पुन्हा पाच. दोष आता एका हाताच्या अंतरात आला होता.

पत्र्याला आणि इंजिनला जोडणारी, तांब्याच्या तारांची विणलेली एक पट्टी असते. तिला अर्थिंग म्हणतात. सेल्फमधून गेलेली वीज त्या वाटेने बॅटरीकडे परतते. पट्टीचा बोल्ट सोडवला, तेव्हा तिच्या टोकाखाली पत्र्यावर रंगाचा गुळगुळीत थर दिसला. रंगकामाच्या वेळी पट्टी सोडवली गेली होती, तिच्या जागीही रंग बसला होता, आणि वर बोल्ट पुन्हा आवळला गेला होता. रंग विजेला वाट देत नाही.

एवढ्यावरून सारा हिशेब जुळला. परतीची मोठी वाट बंद झाल्यावर वीज मिळेल त्या फटीतून परतू पाहते. चोकची बारीक पोलादी तार इंजिन आणि गाडीच्या अंगाला जोडते. सेल्फची वीज तिच्यातून धावली, की ती तापणारच. मामांच्या हाताला बसलेला चटका हाच निदानाचा पहिला धागा होता. बॅटऱ्यांचे कोडेही तिथेच सुटले. बॅटरी भरणारे यंत्र इंजिनवरच बसलेले असते. त्याची वीजही त्याच पट्टीतून फिरते. त्यामुळे गाडी चालत असतानाही बॅटरी पुरती भरत नव्हती, आणि अर्धवट भरलेली बॅटरी काही महिन्यांत मरते. कोणी नवी काढून जुनी बसवलेली नव्हती. दोन्ही बॅटऱ्या त्याच होत्या.

पॉलिश पेपरने घासून पत्रा उघडा केला, पट्टी आवळली, वर गंज धरू नये म्हणून व्हॅसलीन लावले. सेल्फ मारताच इंजिन खडखडून फिरले. पण पेटले नाही. एक दोष सापडला, की दुसरा नसतोच असे नाही. काढलेल्या प्लगला तार जोडून, त्याचे अंग इंजिनला टेकवून पाहिले. ठिणगी पडत नव्हती. ही परीक्षा पेट्रोलच्या वासापासून दूर आणि रबरी मुठीच्या पकडीने धरूनच करावी लागते. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखालचे पॉइंट दोन वर्षांच्या ओलाव्याने काळवंडले होते. ते साफ करून त्यांच्यातील फट, जी अर्ध्या मिलिमीटरहून कमी असते, पुन्हा बसवली. निळी ठिणगी पडली. राहिले पेट्रोल. टाकीतल्या जुन्या पेट्रोलला रोगणासारखा वास येत होता. इथेनॉलमिश्रित पेट्रोल ओलावाही ओढून घेते. ते सगळे काढून टाकले, कार्ब्युरेटरची वाटी धुतली, चिरलेली रबरी नळी बदलली आणि दोन लिटर ताजे पेट्रोल घातले. चोक ओढून तिसऱ्यांदा किल्ली फिरवल्यावर गाडी सुरू झाली. सामानाचा सगळा खर्च एका बॅटरीच्या किमतीहून पुष्कळ कमी भरला.

घरात आनंद झाला. बापू मात्र रंगाची ती खरवड तळहातावर घेऊन पाहत राहिले. रंगाऱ्याने मन लावून काम केले होते. गॅरेजवाल्यांनी आपल्या समजुतीप्रमाणे सांगितले होते. ज्याने खरी खूण सांगितली, त्याच्यावर चोरीचा आळ आला होता. संध्याकाळी ते अण्णांना म्हणाले, “तुम्ही चला माझ्याबरोबर.” अण्णा चप्पल घालता घालता म्हणाले, “मला यायलाच हवे. तू बोललास, मी गप्प राहिलो. दोघांचे खाते एकच आहे.”

मामा आता शाळेची व्हॅन चालवत होते. त्यांनी दोघांना बसायला खुर्च्या दिल्या, पाणी दिले, सारे ऐकून घेतले. परत कामावर येण्याची विनंती त्यांनी नम्रपणे नाकारली. शाळेची मुले त्यांची वाट पाहत असतात, असे सांगितले. एकच गोष्ट मात्र त्यांनी मागितली.

“शेठ, तुम्ही इथे आलात, माझे मन भरले. पण तो शब्द अंगणात निघाला होता. माझा मुलगा त्या गल्लीतून जातो.”

पुढच्या रविवारी अंगणात दुकानची पोरे, शेजारी आणि घरातली माणसे जमली. बापूंनी मामांना पुढे बसवून काय घडले होते ते स्वच्छ शब्दांत सांगितले, बॅटऱ्यांसकट, आणि हात जोडले. चहा झाला. गाडी पासिंगसाठी आरटीओत न्यायची होती, आणि ती मामांनीच न्यावी असे ठरले होते. त्यांनी सेल्फ मारला, इंजिन सुरू राहू दिले, खाली उतरून बॉनेट उघडले आणि चोकच्या तारेवर बोटे ठेवली. तार गार होती.