जळालेली मोटार काय सांगते

विहिरीवरची मोटार जळाली की गावात आधी माणूस धरतात, दोष नंतर शोधतात. ज्यानं शेवटी बटण दाबलं तोच गुन्हेगार. आणि बटण दाबणारा गडी बहुतेक आपल्याच वस्तीतला.

मी रिवायंडिंगच्या कामात वीस वर्षं काढलीत. दोस्तांनो, मोटारीला विचारायची रीत असते. आधी सप्लाय तोडायचा, केबल सोडायची. ५०० व्होल्टचा मेगर एका टोकानं वायंडिंगला, दुसऱ्यानं बॉडीला लावायचा. एक मेगाओहमच्या खाली दाखवलं, तर इन्सुलेशन गेलं, नायतर ओल धरलीय. मग तिन्ही फेजचा रेझिस्टन्स मोजायचा. तिन्ही सारखे हवेत.

मग मोटार खोलायची. स्टार जोडणीत दोन फेजच्या कॉइली काळ्याठिक्कर, तिसरी कोरी, म्हणजे चालत्या मोटारीची एक फेज गेली. डेल्टात एकच फेज जळते. तिन्ही सारख्या भाजल्या, तर मोटार जाम झाली किंवा लोड जास्त झाला.

एका बागायतदारानं असाच गड्याचा पगार कापला. 'ह्यांना मशीनची अक्कल नाय.' मी स्टेटर त्याच्यापुढं ठेवला. दोन काळ्या, एक कोरी. एक फ्यूज उडालेला. स्टार्टर उघडला तर ओव्हरलोड रिले डायरेक्ट केलेला, मालकाच्याच हुकमानं. पगार द्यावा लागला त्याला, कुरकुरत का होईना.

मोर्चाला जरूर जा. पण वस्तीतल्या दोघातिघांनी मेगर लावायलाही शिका. पुढली मोटार जळेल, तेव्हा गड्याच्या बाजूनं आकडा सांगणारा कुणीतरी लागेल.