वाट चुकलेला आवाज

आमच्या शाळेतला संगणक दिवाळीच्या सुट्टीआधी मुका झाला. कायमचा मुका झाला असता, तर मी निमूटपणे खडूकडे वळलो असतो. पण त्याची तऱ्हा निराळी होती. संध्याकाळी खटपट करून त्याला बोलता करावे, समाधानाने घरी जावे आणि सकाळी पुन्हा सुरू करावा, तो स्वारी गप्प!

संगणक जुना, कुणी तरी शाळेला दिलेला. त्यात लिनक्स घातलेले. हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली ज्याचा गाभा लिहून जगाला खुला केला, तेच हे. फुकटच्या गाईचे दात मोजू नयेत, हे मला कळते. पण माझी अडचण खरी होती. शाळा सोलापूरच्या पूर्व भागातली. भोवती यंत्रमागांची खटखट, पोरांच्या घरी तेलुगू. चौथीतली एक मुलगी तर वर्गात तोंडच उघडत नसे. तिला मी मधल्या सुट्टीत संगणकापुढे बसवून पुस्तकातल्या कविता ऐकवी. तिचे ओठ हलू लागले होते. सुट्टी लागण्याच्या दिवशी ती सर्वांपुढे कविता म्हणणार होती. आणि आता हा मौनी बाबा!

मी वायरी तपासल्या. स्पीकर मोबाइलला जोडून पाहिला. तो खणखणीत वाजला. मग आवाजाचे खांब दाखवणारा काळा पडदा उघडला. खांबाखाली दोन ‘एम’ दिसले, तर आवाज बंद; ‘एम’ची कळ दाबली की तो खुला होतो. सगळे खांब खुलेच होते. तरी ती स्थिती साठवण्याची आज्ञा देऊन ठेवली. सकाळी पुन्हा तेच!

अखेर संगणक दुरुस्त करणारा माझा एक जुना विद्यार्थी आला. त्याने एक आज्ञा देऊन यादी काढली आणि हसला.

“सर, आवाज गेलेला नाही. वाट चुकलाय.”

यंत्रात आवाजाची दारे दोन होती. एक स्पीकरकडे जाणारे, दुसरे पडद्याच्या वायरीतून पडद्याकडे. लिनक्समध्ये आवाजाचा कारभार ‘आल्सा’ पाहते. यारोस्लाव किसेला या चेक माणसाने १९९८ च्या सुमारास सुरू केलेले ते काम २००३ मध्ये लिनक्सच्या २.६ या गाभ्यात आले. यंत्र सुरू होताना जे दार आधी जागे होईल त्याला शून्य क्रमांक मिळतो, आणि वेगळे सांगितले नसेल तर आवाज शून्याकडे जातो. आमच्याकडे पडद्याचे दार आधी जागे होई. पडद्याला स्पीकरच नव्हता! संध्याकाळी मी हाताने दार बदलत होतो. ते कुठे लिहून ठेवत नव्हतो.

त्याने एका फायलीत क्रमांकांची अदलाबदल करणारी एकच ओळ लिहिली. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. कविता ऐकू आली.

त्याच दिवशी शाळा सुटल्यावर फाटकाशी एक चढा, भरभर आवाज कानी पडला. ती मुलगी धाकट्या भावाला तीच कविता तेलुगूत समजावून सांगत होती. हातवारे करून, चिमणीचा आवाज काढून! मी जागीच थबकलो. वर्षभर मी तिला अबोल समजत होतो. आणि वर्गात तेलुगू शब्द निघाला की “चूप!” म्हणणारा तरी दुसरा कोण होता?

दुसऱ्या दिवशी मी तिला म्हटले, “आधी तुझ्या भाषेत सांग बाळ. मग मराठीत म्हण.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग भिंतीकडे बघून बोलू लागली. सुट्टीच्या दिवशी तिने कविता म्हटली. दोन ओळी गाळल्या. मी टोकले नाही.

ती फायलीतली ओळ मी कागदावर उतरवून संगणकाच्या कडेला चिकटवली आहे. वर्गाच्या भिंतीवर माझ्याच अक्षरातला ‘मराठीतच बोला’ असा कागद होता. तो काढून टाकला.