मारुती आधी, प्लॉट नंतर

साओ पावलोतलं मोरुम्बी म्हणजे पैसेवाल्यांचा भाग. उंच कुंपणं, त्यांवर विजेच्या तारा, फाटकाशी पहारेकरी. या सगळ्यात हमरस्त्याच्या कडेला मातीच्या भिंतींचं एक चॅपल आहे. सुटीच्या दिवशी मी तिथं जातो. देवासाठी नाही, भिंतीसाठी.

फळ्यांच्या साच्यात ओली माती भरायची, मुसळानं ठेचायची, मग वरचा थर. ते आडवे थर अजून मोजता येतात. सौंसरच्या आमच्या जुन्या घराचा पोपडा निघाला की आत गव्हांडा दिसायचा. इथंही सवयीनं तोच शोधतो.

एकोणिसाव्या शतकात हा जॉन रज नावाच्या इंग्रजाचा चहाचा मळा होता. ब्राझीलमधली गुलामगिरी १८८८ साली संपली, म्हणजे त्याआधी इथली माती कोणाच्या हातांनी ठेचली असेल ते उघड आहे. पुढे मळा मोडला, जमीन कंपनीनं प्लॉट पाडले. उरलेल्या पडक्या भिंतींवर १९४९ मध्ये ग्रेगोरी वारशावचिक या वास्तुकारानं चॅपल उभं केलं. गडी खरा बिननक्षीच्या आधुनिक घरांचा, पण इथं त्यानं जुनी माती तशीच ठेवून वरचं काम विटांत पुरं केलं. आत लुसिया सुआनेनं येशूचा बाप्तिस्मा रंगवला. देवदूतांचे चेहरे इथल्या आदिवासींचे.

गंमत अशी, की मूळच्या भिंती चॅपलच्याच होत्या याला पक्का कागद नाही. गुलामांच्या संत सेबॅस्टियनचं देऊळ होतं म्हणतात. म्हणतात, एवढंच. आता तर इथं प्रार्थनाही होत नाही. शहराच्या संग्रहालयाची जागा आहे, कलावंत येऊन मांडणी करतात.

फोनवर बाबांना हे सांगितलं.

"त्यात काय नवल? पांढुर्ण्याच्या रस्त्यानं संत्र्याचा बगीचा तोडून ले-आउट पाडला. मुरूम पडाच्या आंधी मारुती बसवला. आता लोकं म्हंतेत, लय जुना हाये, पावते."

"आणि जामसावळीचा मारुती?"

"तो येगळा. तिथं कोणाले प्लॉट इकाचे होते?"

मग विषय संत्र्यावर गेला, जातोच. इथं त्याला लारांजा म्हणतात, शब्द आपल्या नारिंगाचंच लांबचं भावंड. फळ डझनावारी मिळतं, पिकलं तरी बरंचसं हिरवं, आणि साल हातानं सुटत नाही, सुरी लागते.

बाबा जरा वेळ गप्प होते.

"मंग त्याले संत्रा कायले म्हंतेत?"