झेड ड्राइव्ह

संगणकाच्या पडद्यावर सी आणि डीच्या खाली, हिरव्या नळीवर बसलेला डबा म्हणजे झेड. ऑफिसात कुणी त्याला ड्राइव्ह म्हणत नाही. ‘झेडवर टाकलंय’, ‘झेडमधून घ्या’, एवढंच. कोटेशनं, पगारपत्रकं, ड्रॉइंगं, जुन्या टेंडरांची स्कॅन केलेली पानं, सगळं त्याच्या पोटात. राहतो पुण्यात, हेड ऑफिसच्या सर्व्हर रूममधल्या गारठ्यात. दिसतो मात्र कोल्हापुरात, नाशकात, नागपुरात.

पुण्यात त्याची तक्रार नाही. फोन येतो तो नागपूरहून. “भाऊ, झेड उघडूनच नाही राहिला ना!” फोल्डरवर क्लिक केलं की वरची हिरवी पट्टी सरकत राहते, एक्सेल ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ म्हणते, आणि महिनाअखेरीला अकाउंट्सच्या मॅडम घरी फोन करून उशीर होणार असल्याचं कळवतात. मग बैठक होते. लाइन वाढवायचं ठरतं. पन्नास एमबीपीएसची शंभर होते, बिल वाढतं आणि झेड होता तसाच राहतो. लाइन दुप्पट केल्यावर मॅडम वेळेवर घरी जातील, अशी खरोखर आशा धरलेली असते. म्हणून हे बघताना फार वाईट वाटतं.

झेडचा स्वभाव आधी समजून घ्यायला हवा. सही घेतल्याशिवाय कागद पुढे न सरकवणाऱ्या जुन्या हेडक्लार्कासारखा तो आहे. हे फोल्डर आहे का? आहे. या माणसाला बघायची परवानगी आहे का? आहे. फाइल दुसऱ्या कुणी उघडून ठेवलीय का? नाही. शेवटची कधी बदलली? आकार किती? चित्र कुठलं दाखवू? प्रत्येक प्रश्न सर्व्हरकडे जातो, उत्तर परत येतं, मग पुढचा प्रश्न. ही त्याची बोली म्हणजे एसएमबी. आयबीएममधल्या बॅरी फायगेनबॉम यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिचा पाया घातला, तेव्हा समोर होते जवळजवळचे, एकाच जाळ्यातले संगणक. २००६ मध्ये व्हिस्टाबरोबर दुसरी आवृत्ती आली. शंभरावर आज्ञा होत्या त्या १९ वर आल्या आणि काही प्रश्न एका खेपेत पाठवता येऊ लागले. विचारण्याची सवय राहिलीच, आणि ती राहायलाच हवी. तिच्यामुळेच दोघेजण एकाच पगारपत्रकावर एकमेकांच्या नकळत लिहीत नाहीत.

(एखाद्या जुन्या स्कॅनरसाठी पहिली आवृत्ती अजून चालू ठेवलेली दिसली की धास्ती वाटते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस याच दारातून शिरला होता.)

आता या स्वभावाला अंतर जोडून बघा. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. पुणे ते नागपूर रस्त्यानं जवळपास सातशे किलोमीटर. म्हणजे तार रस्त्यालगत गेली तरी जाऊन येऊन सात मिलिसेकंद. वळसे, राउटर, व्हीपीएन धरून ते तीस झाले, असं समजू. दोन हजार फाइलींच्या फोल्डरमध्ये फाइलीमागे एकच फेरी धरली तरी पूर्ण मिनिट गेलं. पुण्यात तीच फेरी अर्ध्या मिलिसेकंदाची, काम एका सेकंदाचं. शंभर एमबीपीएसची लाइन यातली एकही फेरी वाचवत नाही.

म्हणून पैसे मोजण्याआधी वेळ मोजावा. पिंग करून फेरीचा वेळ लिहून ठेवावा. मग एकच मोठी फाइल कॉपी करावी आणि तेवढ्याच वजनाचं बारीक फाइलींचं फोल्डर कॉपी करावं. मोठी झरझर आली आणि बारीक रखडल्या, तर शंका फेऱ्यांवर घ्यावी. दोन्ही रखडल्या, तर लाइनवर, स्विचवर, व्हीपीएनवर.

आणि एक गोष्ट आवर्जून बघावी. अनेक कंपन्यांत झेडच्या मागे डीएफएस असतं: नाव एक, सर्व्हर प्रत्येक शहरात. नागपूरला नवा मजला घेतला, तिथल्या मशीनना नवे आयपी पत्ते दिले, पण ते ॲक्टिव्ह डिरेक्टरीच्या साइटच्या यादीत, म्हणजे कुठला पत्ता कुठल्या शहरातला या नोंदीत, लिहायचे राहिले, की नागपूरचा माणूस कुठला हेच झेडला कळत नाही. शेजारच्या खोलीत सर्व्हर चालू असताना तो त्याला पुण्याला पाठवू शकतो. फोल्डरवर उजवं बटण दाबून प्रॉपर्टीजमधला डीएफएसचा टॅब उघडला, तर आपण कोणत्या सर्व्हरवर आहोत ते दिसतं. नोंद एका ओळीची. तिच्यासाठी माणसं महिनोन्‌महिने ताटकळतात, याचा मला राग येतो.

शहरोशहरी प्रती ठेवणं ड्रॉइंगांना, जुन्या टेंडरांना मानवतं. पगारपत्रकाला नाही. डीएफएसच्या प्रती एकमेकींचं कुलूप ओळखत नाहीत. पुण्यात आणि नागपुरात एकाच वेळी फाइल बदलली, तर शेवटी जतन केलेली टिकते आणि दुसरी बाजूच्या एका लपलेल्या फोल्डरात जाऊन पडते. अशी फाइल पुण्यातच राहू द्यावी आणि नागपूरच्या मॅडमना रिमोट डेस्कटॉपवरून पुण्यातलं मशीन द्यावं. झेडचे सगळे प्रश्न मग सर्व्हर रूमच्या आसपासच विचारले जातात, आणि सातशे किलोमीटर फक्त पडद्यावरचं चित्र आणि कीबोर्डची बटणं जातात.